पासष्टी वाचताना तराजू बाजूला कसा ठेवायचा: एका सोनाराच्या सूचना

चांगदेवांची अडचण मायन्याची होती. आळंदीच्या त्या मुलाला, ज्ञानदेवांना, पत्र लिहायचं तर सुरुवात काय करायची? वयाने लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं. पण अधिकाराने मोठा, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावं. आख्यायिका सांगते की चांगदेव तेव्हा चौदाशे वर्षांचे होते. एवढं तप केलेल्या माणसाला समोरचा लहान की मोठा हे ठरवता येईना आणि त्याने शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. ते उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’.

मी जळगावचा सोनार. चाळीस वर्षं दुकानात बसलो, आता मुलगा बसतो. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर सहा-सात जण जमतात आणि आम्ही पासष्टी वाचतो. मी पंडित नाही, संस्कृत मला शाळेपुरतंच येतं. पण या पासष्ट ओव्यांत सोनं इतक्या वेळा येतं की एखाद्या सोनाराने तोंड उघडलं तर चालून जावं. नवीन येणारा माणूस दर वेळी त्याच दोन-तीन जागी अडतो, हे पाहून मी एक टिपण काढलं होतं. तेच इथे जरा मोकळेपणाने लिहितो.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. पासष्टीत सांगण्यासारखं एकच आहे: जे आहे ते सगळं मिळून एक आहे, त्याला बाहेर काही नाही, म्हणून त्याची कशाशी तुलना होत नाही आणि त्याला कुणाची साक्ष लागत नाही. एवढं दोन ओळींत सांगून होतं. मग बाकीच्या ओव्या कशासाठी? तर आपल्याला मापायची सवय आहे, ती हातातून सुटत नाही म्हणून.

प्रत आणि वेग

मूळ ओव्या असलेली कुठलीही प्रत चालेल. टीका पहिल्या वाचनात उघडू नका. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 ची, आणि ज्ञानदेवांची समाधी 1296 ची. भाषा तेव्हाची आहे, काही शब्द अडतील. अडू द्या. प्रतीप्रतींत पाठही थोडे वेगळे असतात, त्यावरून वाद घालत बसू नका.

रोज पाच ओव्या, मोठ्याने. तेरा दिवसांत पासष्ट होतात. मनातल्या मनात वाचलीत तर डोळा अर्थाकडे धावतो आणि ओवीची चाल हरवते. आणि इथे चालीतच निम्मा अर्थ आहे.

पहिल्या दिवशी पहिल्याच शब्दावर थांबा. ‘स्वस्ति श्रीवटेशु’. चांगदेव ज्या मायन्यावर अडले होते तो ज्ञानदेवांनी असा सोडवला. चिरंजीव नाही, तीर्थरूप नाही. वटेश म्हणजे चांगदेवांचं दैवत, त्यालाच नमस्कार करून पत्र सुरू. पुढे कुठेतरी ‘चांगया’ अशी हाकही येते, अगदी घरातल्यासारखी, पण वयाचा आणि मानाचा हिशेब कुठेच येत नाही. प्रश्नाचं उत्तर न देता तो प्रश्नच बाजूला सारायचा, हे या पत्राचं तंत्र आहे आणि ते पहिल्या शब्दापासून सुरू होतं. मी हे कित्येक वर्षं वाचूनही पाहिलं नव्हतं. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दाखवलं.

त्याच दिवशी तिसरी ओवी येते:

बहु जंव जंव होये । तंव तंव कांहींच न होये ।
कांहीं नहोनि आहे । अवघाचि जो ॥

‘अवघाचि’ या शब्दाखाली रेघ मारा. जसजसं पुष्कळ होतं तसतसं काहीच झालेलं नसतं, आणि काही न होताच ते अवघं असतं. पहिल्या वाचनात हे कोडं वाटतं. वाटू द्या, लगेच पुढच्या ओवीत सोनं येतं.

‘न’ खाली रेघ

सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें ।
तेवीं न वेंचतां जग होणें । अंगें जया ॥

ही ओवी म्हणजे माझ्या धंद्याची कुंडली आहे, आणि मी ती वीस वर्षं चुकीची वाचली. कशी ते सांगतो.

दुकानात जुना डाग, म्हणजे दागिना, मोडीला येतो. समजा, तेवीस ग्रॅमचा गोफ आहे. गिऱ्हाईक म्हणतं, आजीचा आहे, नक्षी बघा. सोनार नक्षी बघत नाही. तो डाख (सांधे जोडायचा झाळ) किती, लाख किती, मळ किती आणि घट किती जाईल ते बघतो. मग गोफ मुशीत जातो, वर टाकणखाराची चिमूट पडते, हजारावर साठ-पासष्ट अंश चढले की नक्षी, कडी, आजी सगळं खाली बसतं आणि एक लालबुंद थेंब गरगरायला लागतो. गरगरणारा तो थेंब दिसला की सोनाराला वाटतं, हे खरं. बाकी सगळं घडणावळ.

म्हणून मी या ओवीचा अर्थ असा लावत होतो: दागिना खोटा, सोनं खरं, रूप वितळवा, मग एक काय ते दिसेल. अद्वैत म्हणजे मोठी मूस.

एकदा एक बाई मंगळसूत्र घेऊन आल्या. यजमान वारून वर्ष झालं होतं, मुलीचं लग्न ठरलं होतं, मोडून मुलीसाठी दुसरा डाग करायचा होता. मी वाट्या काढून काट्यावर ठेवल्या. त्यांनी त्यातली एक उचलून हातात धरली. मी, तोंडाला पासष्टी होतीच, म्हणालो, “ताई, वाटी काय न् पाटली काय, सोनं एकच. वितळलं की सगळं सारखं.” बाई म्हणाल्या, “भाऊ, सोनं तर तुमच्या दुकानात पुष्कळ आहे. ही वाटी माझ्या आईने दिली होती.” आणि ती वाटी पदराच्या गाठीत बांधून घेतली. मी हिशेबातून तिचं वजन वजा केलं. एक ग्रॅम आणि वर काही मिलिग्रॅम.

त्या रात्री ओवी पुन्हा काढली. ‘सोनेपणा उणें न येतांचि झालें लेणें’. सोनेपणात काही कमी न येताच ते लेणं झालं. ‘न येतांचि’! ज्ञानदेव वितळवा म्हणतच नाहीत. ते म्हणतात, वितळवायची गरजच पडली नाही. वाटी ही वाटी असतानाच पुरती सोनं आहे. हे मी बाईंना सांगायची गरज नव्हती, त्यांनी मला सांगायची होती.

तेव्हापासून माझी पहिली सूचना हीच: पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ‘न’ खाली रेघ मारा. चौथ्या ओवीत ‘न येतांचि’ आणि ‘न वेंचतां’. पाचवीत लाटांची चोळी ‘न फेडितां’ पाणी उघडंच. ‘कल्लोळकंचुक’ हा शब्द तोंडात घोळवून बघा. लाटांची काचोळी पाण्याच्या अंगावर आहे आणि तरीही पाणी झाकलेलं नाही, कारण काचोळीही पाण्याचीच. सहावीत परमाणूंच्या राशी आहेत म्हणून पृथ्वीचं पृथ्वीपण वाया जात नाही. सातवीत कलांचं पांघरूण घेऊन चंद्र हरवत नाही. ओळीने चार ओव्या एकच गोष्ट नाकारतात: एक व्हायला कुणाला काही सोडावं, मोडावं, उतरवावं लागत नाही.

टीकेची प्रत दुसऱ्या वाचनात उघडलीत तर तिथे दोर आणि साप भेटेल. अंधारात दोर साप वाटतो, दिवा आणला की साप नाहीसा होतो. वेदान्तातला हा जुना, उत्तम दाखला. पण त्यात साप नव्हताच, चूक होती. सोन्याच्या दाखल्यात दागिना चूक नाही. दिवा आणल्यावर दागिना नाहीसा होत नाही, उलट जास्त चकाकतो. या दोन दाखल्यांची गल्लत झाली की पासष्टी हातातून गेली. ज्ञानदेवांच्या या विचाराला अभ्यासक चिद्विलास म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण वाटी लक्षात ठेवा.

हातांनी करायच्या गोष्टी

आमच्याकडे नुसतं वाचन नसतं. अंगठी घ्या, समोर ठेवा, आणि घरातल्या लहान मुलाला सांगा: अंगठीला बोट न लावता सोन्याला बोट लावून दाखव. मूल दोनदा प्रयत्न करतं आणि हसायला लागतं. मोठी माणसं हसत नाहीत, ती ‘म्हणजे तत्त्वतः’ असं काहीतरी सुरू करतात. मुलाबरोबर राहा.

नवव्या ओवीत लुगडं आहे: ‘जेवीं नाममात्र लुगडें । येर्‍हवीं सुतचि तें उघडें’. लुगडं नावापुरतं, एरवी उघडं सूतच. यासाठी जुन्या सुती लुगड्याचा पदर घ्या आणि सुटलेला एक धागा ओढा. तो सुतापासून निघाला की लुगड्यापासून? आमच्याकडे हे करताना शेजारच्या काकू म्हणाल्या, “सूतच आहे म्हणून सूत गुंडाळून बाजारात जाता येतं का?” सगळे हसले, पण काकूंचा मुद्दा धरून ठेवण्यासारखा आहे. लुगड्याचं काम लुगडंच करतं. सूत लुगड्याहून निराळं कुठे उभं असतं तर त्याला सांगता आलं असतं, तू जा बाजारात.

आता कसोटी. हे मी जरा सावकाश सांगतो, कारण हल्ली दुकानांत यंत्र आलंय, डाग आत ठेवला की पडद्यावर आकडा येतो, आणि नव्या पोरांनी कसोटीचा दगड हातात धरलेला नसतो. काळा, गुळगुळीत, तळहाताएवढा दगड. त्यावर डाग घासायचा, पिवळी रेघ उमटते. नुसत्या त्या रेघेकडे बघून काही कळत नाही. पिवळी आहे, एवढंच. म्हणून तिच्या शेजारी माहितीतल्या सोन्याची, ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची, दुसरी रेघ ओढायची. मग दोन्हींवर तेजाबाचा थेंब. हिणकस रेघ पुसट होत जाते, चांगली टिकून राहते. म्हणजे कस लागतो तो दोन रेघांत. एका रेघेचा कस कुणालाही सांगता यायचा नाही.

पासष्टीच्या मधल्या भागात, जिथे ज्ञानदेव चांगदेवांशी थेट बोलायला लागतात, तिथे ही ओवी आहे:

सोनिया वरकल सोनें जैसा । कां मुख मुखा हो आरिसा ।
मज तुज संवाद तैसा । चक्रपाणि ॥

सोन्याची कसोटी सोनंच व्हावं, तोंडाला तोंडच आरसा व्हावं, तसा माझा-तुझा संवाद. ‘चक्रपाणि’ ही हाक चांगदेवांनाच. सोनाराला ही ओवी वाचून हात थांबवावासा वाटतो. कारण आम्ही रोज सोन्यानेच सोनं तपासतो, पण दोन वेगळ्या कसांचं. सगळं सोनं एकाच डागात आलं तर? शेजारी ओढायला रेघच उरली नाही तर? मग डाग चांगला की वाईट हे सांगायचं कसं? सांगता येत नाही. आणि ते सांगता येत नाही म्हणून डागात खोट आहे असंही होत नाही. कसोटीच तिथे लागू नाही.

मिठाचा प्रयोग शेवटी करा. त्या ओवीत मीठ पाण्याचा थांग घ्यायला आत शिरतं आणि तेच उरत नाही, मग पाण्याचं माप कोण घेणार. पेला, पाणी, चमचाभर मीठ, ढवळायचं नाही, नुसतं बघत राहायचं. पाच-दहा मिनिटं कुणी बोलू नका. एवढ्यावर भाष्य नको.

‘पेक्षा’ आणि ‘का’

माझा भाचा बंगळुरूला असतो, भौतिकशास्त्र शिकलाय. एका गुरुवारी तो इथे होता. सगळं ऐकून म्हणाला, “मामा, हे ठीक आहे, पण मूळ प्रश्न राहिला. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी का आहे?” मग त्यानेच सांगितलं की हा प्रश्न लाइबनिट्स नावाच्या जर्मन विद्वानाने 1714 मध्ये असा मांडला होता आणि तेव्हापासून भल्याभल्यांना त्याने झोपू दिलेलं नाही.

मी त्याला आत नेलं आणि वडिलांच्या वेळचा हाततराजू काढून दाखवला. दोन पारडी, मधे काटा, एका पारड्याला खालून चिकटवलेलं मेणाचं पासंग. म्हटलं, एका पारड्यात सगळं ठेव. घर, जळगाव, तारे, तू, मी, हा तराजूही. आता दुसऱ्या पारड्यात ‘काहीच नाही’ ठेव. ठेवून दाखव. तो म्हणाला, रिकामं पारडं म्हणजेच काहीच नाही. मी म्हटलं, रिकामं पारडं हे पारडं आहे, ते तर तू पहिल्या बाजूला टाकलंस.

तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नाही; मामाचा मान राखला. रात्री जेवताना म्हणाला, “तुम्ही प्रश्न सोडवला नाही, काढून घेतलात.” बरोबर आहे. कोऱ्या कागदाचंही तेच झालं होतं.

यातून मी वाचणाऱ्यासाठी एक नियम केला. पासष्टी वाचताना मनात कुठलाही आक्षेप आला की तो कागदावर पूर्ण वाक्यात लिहा आणि त्यात ‘पेक्षा’ शोधा. ‘कशापेक्षा’ हे विचारा. उत्तरात सगळ्याच्या आतली एखादी वस्तू आली तर प्रश्न खरा आहे, त्याला उत्तर शोधा. उत्तरात सगळ्याच्या बाहेरचं काही मागितलं जात असेल तर थांबा, तिथे पारडं नाही.

‘का’ आणि ‘कशावरून’ यांचंही तसंच. हा डाग बावीस कॅरेटचा कशावरून? हॉलमार्क आहे, 916 चा शिक्का आहे, म्हणून. शिक्का खरा कशावरून? तपासणी केंद्रावरून. केंद्राचं वजन खरं कशावरून? असं मागे मागे जात राहिलं की पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका लहानशा दट्ट्यापाशी पोचायचो. 1889 पासून 2019 पर्यंत किलोग्रॅम म्हणजे तो दट्ट्या. तो स्वतः बरोबर एक किलोचा आहे का, हे विचारायची सोय नव्हती. तोच किलो होता. 20 मे 2019 पासून किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिरांकावर बांधलाय, त्यामुळे दट्ट्याची नोकरी गेली. पण ‘कशावरून’ची साखळी कुठेतरी अशा जागी टेकते जिथून पुढे दाखला मागता येत नाही, हे काही बदललं नाही.

ज्ञानदेव याच्याही पुढे जातात, आणि इथे मी तुम्हाला त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाकडे, अमृतानुभवाकडे, पाठवतो. त्यात शब्दाच्या खंडनाचं एक पूर्ण प्रकरण आहे. तिथे ते आधी शब्दाची स्तुती करतात: शब्द फार उपयोगाचा, आठवण करून देण्यात प्रसिद्ध. आणि मग विचारतात की जे स्वतःला कधी विसरलंच नाही त्याला आठवण कोण करून देणार? प्रमाणाचं, दाखल्याचं, सिद्धतेचं काम हेच असतं, नसलेलं ज्ञान आणून देणं. ‘असणं’ हे कुठून आणून द्यायचं? प्रश्न विचारणाराही आधी असतोच.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगतो. ज्याला उपमा नाही असं म्हणायचं आणि ओवीओवीला उपमा द्यायची, हे कसं? सोनं, सूत, माती, मीठ, कापूर, आरसा. आमच्यात यावर दोन गुरुवार गेले. माझं मत असं झालंय की या उपमा मापं नाहीत, पासंग आहेत. पासंगाने काही तोलत नाहीत. तराजूचा आधीचा कल घालवायला ते लावतात. आपला कल ‘वेगळं-वेगळं’ कडे असतो, म्हणून सोन्याचा दाखला. तो ‘सगळं वितळवा’ कडे गेला की लगेच लुगडं. शिक्षिकाबाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, उपमा हा कवीचा आनंद आहे, त्याला हिशेब लावू नका. त्यांचंही खरं असेल. त्या माणसाने ऐन तरुण वयात भरभरून लिहिलंय, प्रत्येक ओवी काही कामाला लावलेली नसणार.

कुठे वापरायची नाही

दुकानात वापरायची नाही. बावीस कॅरेट आणि अठरा कॅरेट दोन्ही सोनंच, असं म्हणून भाव एक लावणारा सोनार संत नसतो. आतल्या वस्तूंची तुलना होते, झालीच पाहिजे, आणि तिच्यासाठी काटा नीट हवा. आमच्याच धंद्यातल्या एका गृहस्थाला कारागिराची मजुरी द्यायची वेळ आली की अद्वैत आठवायचं: ‘तुझं-माझं काय, सगळं त्याचंच.’ कारागीर हुशार होता, तो म्हणाला, “मग त्याचं मला द्या.”

दुःखातल्या माणसासमोर तर नकोच. मंगळसूत्राची गोष्ट वर सांगितली. एक आहे हे खरं असेल, पण ते ज्याच्या-त्याच्या तोंडून ज्याच्या-त्याच्या वेळी निघावं. दुसऱ्याच्या तोंडात घालू नये.

तेरावा दिवस

शेवटच्या पाच ओव्यांत पहिलीच आरशांची आहे: ज्ञानदेव आणि चक्रपाणी हे दोन डोळस आरसे, एकमेकांत पाहता पाहता भेदाला मुकले. कटिंगच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात, त्यांत आपण रांगेने लांबपर्यंत दिसतो. वाचण्याआधी एकदा तिथे बसून या. मग मनातल्या मनात खुर्चीवरून उठा आणि दोन आरसेच राहू द्या. आता कोण कुणात दिसतं?

त्याच्या आधी कुठेतरी एक ओवी येते, जी मला या सगळ्यापेक्षा जवळची वाटते. (इथे ‘पेक्षा’ चालेल, आतल्या वस्तू आहेत.) मित्रा, तुला भेटायला जीव उत्सुक आहे, पण जी भेट आधीच झालेली आहे ती या भेटीने विस्कटेल अशी भीती वाटते. चांगदेवांना हे पत्र मिळाल्यावर काय वाटलं असेल, याचा विचार मी करतो.

शक्य असेल तर वाचन संपल्यावर चांगदेव गावी जाऊन या. जळगाव जिल्ह्यातच, मुक्ताईनगर तालुक्यात, तापी आणि पूर्णेच्या संगमावर आहे. जुनं दगडी देऊळ आहे, आणि मुक्ताबाईचं ठाणंही त्याच भागात. चांगदेवांची समाधी मात्र गोदावरीकाठी पुणतांब्याला. आम्ही सगळे एकदा गेलो होतो. संगमावर उभं राहून काकूंनी तापी कुठली आणि पूर्णा कुठली ते नावाड्याला विचारलं. त्याने आधी दोन्हीकडे हात केला आणि मग पाण्याकडे.

पासष्टीनंतर अमृतानुभव घ्यावा असं वाटलं तर सरळ सुरुवातीपासून भिडू नका. दहा प्रकरणं आहेत, सातवं सगळ्यात लांब आणि खंडनामंडनाचं. तिथे पुष्कळ जण पुस्तक मिटतात. आधी नववं वाचा. त्यात ही ओवी आहे:

देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु ।
तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा ॥

एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि सगळा परिवार कोरून काढता येतो, मग सगळं एक असतानाही भक्ती का होऊ नये. आम्हाला वेरूळ-अजिंठा जवळचे, त्यामुळे ही ओवी समजावून सांगावी लागत नाही. पण सोनाराचं डोकं वेगळं चालतं. मला पहिला प्रश्न पडला तो घटीचा. डोंगर कोरताना एवढा दगड निघाला, तो गेला कुठे? देवात नाही, देवळात नाही, म्हणजे तूट आली की नाही?

आमच्याकडे एक म्हातारा झारेकरी येतो. दुकानातला केर, शेगडीतली राख, पायपुसणंसुद्धा धुऊन तो सोन्याचे कण काढतो. उभा जन्म त्याने याच कामात घातला. एका गुरुवारी तो ओट्याच्या पायरीवर बसला होता, मी त्यालाच हा प्रश्न विचारला. त्याने विडी विझवली आणि उलट मला विचारलं, “भाऊ, तो दगड गावाबाहेर नेऊन टाकला का कुणी?”

मी म्हटलं, गाव कुठलं, डोंगरच आहे सगळा.

“मग केरातच असंल,” तो म्हणाला, आणि परात घेऊन आत गेला.